गावच्या सांस्कृतिक भवनात चटणी, वाकळ, बुरूडकाम आणि चप्पल: दोन दिवसांच्या शिबिरात बसेल का?

कासारी_काठ
पन्हाळा तालुक्यातलं गाव. सांस्कृतिक भवन चांगलं बांधलंय, पण लग्नं आणि ग्रामसभा सोडल्या तर कुलूपच असतं. बचत गट आणि तरुण मंडळ मिळून दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांचं शिबिर घ्यायचं चाललंय. विषय चार: कांदा-लसूण चटणी, वाकळ (गोधडी), बांबूची करंडी आणि कोल्हापुरी चप्पल. साठेक माणसं येतील असा अंदाज आहे, निम्मी कोल्हापूर शहरातून.

हॉल ४० बाय २५ फूट, सिंगल फेज लाईट, नळ एकच आणि तोही बाहेर, पुढे दहा फुटी ओसरी. साहित्य किती घ्यायचं, एका गटात किती माणसं, कुठं घोटाळा होतो, हे जाणकारांनी सांगावं. "छान उपक्रम" एवढंच लिहायला नको, काम अडलंय.

बरणीतली_चटणी
दिवाळीत चटणी? बेत आत्ताच मोडा. नवी मिरची बाजारात येते जानेवारीपासून, चटणी होते मार्च ते मेच्या मध्यापर्यंत. दिवाळीला मिळते ती साठवणीतली मिरची: रंग उतरलेला, पावसाळ्यात ओल धरलेली, बऱ्याचदा आतून बुरशीची. ती उन्हात टाकावी तर नोव्हेंबरचं ऊन तिला पुरत नाही. चटणीचा वर्ग एप्रिलमध्ये घ्या. तोही दोन दिवस सलग नको. एका रविवारी निवडणं-वाळवणं, पुढच्या रविवारी भाजणं-कुटणं. मधल्या आठवड्यात कांदा आणि मिरची ज्याच्या त्याच्या पत्र्यावर वाळू द्या.

१ किलो मिरचीचं प्रमाण देतो. एवढ्यात अडीच किलोच्या आसपास चटणी होते.

ब्याडगी ५०० ग्रॅम, संकेश्वरी ४००, लवंगी १००. ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा तिखटपणा आणि चव, लवंगी नुसता झटका. शहरातल्या लोकांसाठी लवंगी काढून ब्याडगी ७०० आणि संकेश्वरी ३०० करा. संकेश्वरी गडहिंग्लजच्या बाजारातून घ्या, तिथं तिला जवारी म्हणतात. धने २५०, सुकं खोबरं २५०, तीळ १००, खसखस ५०, जिरे ५०, हळकुंड ५०. दालचिनी, लवंग, मिरे, दगडफूल प्रत्येकी १०, मसाला वेलची, नागकेशर, जायपत्री, चक्रफूल प्रत्येकी ५, तमालपत्राची मूठभर पानं, खडा हिंग १०. कांदा १ किलो, लसूण २५०, खडेमीठ २५०, तेल २०० मिली.

मिरची वाळली की नाही ते कानानं कळतं. हलवली की आत बी खुळखुळलं पाहिजे आणि देठ मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. देठ वाकला तर परत उन्हात. देठ वाळल्यावरच खुडा, ओल्यावर ओढले की टोपी मिरचीतच राहते आणि चटणी कचकच लागते.

भाजण्यात सगळ्यात जास्त माल वाया जातो. लोखंडी कढई, मंद आच. खडा मसाला थोड्या तेलात एकेक करून, कारण दालचिनीला लागतो तेवढ्या वेळात दगडफूल जळून जातं. तीळ आणि खसखस कोरडी, वेगवेगळी. खोबरं किसून बदामी रंगावर, त्यापुढे गेलं की कडवट. हळकुंड तेलात फुलवून घ्यायचं. मिरची शेवटी, चमचाभर तेलात, पाव-पाव किलो करून, दोन-तीन मिनिटं. रंग काळपट व्हायच्या आत उतरवा, कढईत ठेवली तर गॅस बंद करूनही जळत राहते.

आणि हे सगळं हॉलमध्ये अजिबात नको! मिरची भाजली की साठ माणसं खोकत बाहेर पळतील. ओसरीच्या पलीकडे, वारा हॉलपासून लांब जाईल अशा अंगाला शेगडी मांडा.

कासारी_काठ
बापरे. म्हणजे चटणी एप्रिलला. गावात डंक (मिरची-मसाला कुटायचं यंत्र) आहे, पण तिथं हंगामात रांग असते. मिक्सरवर चालेल का?

बरणीतली_चटणी
शिकवायला चालेल, चवीत फरक पडेल. मिक्सरचं पातं गरम होतं, त्या गरमीनं मसाल्याचं तेल सुटतं, वास उडतो आणि पूड भांड्याला चिकटते. करायचंच तर एका वेळी १०० ते १५० ग्रॅम, वीस सेकंद फिरवून थांबा, परातीत पसरून गार करा, मग चाळा. सिंगल फेजवर चार मिक्सर एकदम लावू नका.

त्यापेक्षा डंकवाल्याला आधी सांगून मधल्या वारी दुपारची वेळ धरा, रांग नसते. क्रम असा: आधी मिरची आणि खडेमीठ, ते बारीक झाल्यावर मसाला, चाळून झाल्यावर अगदी शेवटी कांदा-लसूण. क्रम उलटा केला तर कांद्याच्या ओलीनं मिरची गोळा होते आणि मुसळाला चिकटते.

बिघडते ती नव्वद टक्के कांद्यामुळं. १ किलो कांदा उन्हात वाळून जेमतेम दीडशे ग्रॅम उरतो, एवढं पाणी त्यात असतं. कागदासारखा कुरकुरीत वाळला तरच कुटायचा. वेळ नसेल तर पातळ चिरून तेलात गडद तपकिरी तळा, तेल निथळा, गार झाल्यावर मोडून बघा. चिवट लागला तर परत कढईत. असा चिवट कांदा गेलेली चटणी पंधरा-वीस दिवसांत वरून पांढरे तंतू धरते.

कुटून आली की मुठीत दाबा. गोळा व्हायला पाहिजे, पण बोटानं टिचकी मारल्यावर फुटायला पाहिजे. फुटला नाही तर मंद आचेवर लोखंडी कढईत पाच-सात मिनिटं परता. पूर्ण गार झाल्यावर चिनीमातीच्या बरणीत दाबून भरा, वर मिठाचा थर, मधे हिंगाचे खडे. गरम भरली तर झाकणाला वाफ धरते आणि तेच पाणी चटणीत उतरतं.

मिसळ_कट
हातांच्या आगीचं कुणीतरी लिहा. शहरातली माणसं देठ खुडायला बसली की पंधरा मिनिटांत नळावर रांग.

बरणीतली_चटणी
बरोबर. सुरू करायच्या आधीच हाताला गोडंतेल लावायचं. आग व्हायला लागली तर पहिल्यांदा पाणी नको, मिरचीतला तिखट अंश पाण्यात विरघळत नाही, नुसता पसरतो. तेल चोळा, मग बेसन किंवा साबण, मग पाणी. डोळ्यांत लेन्स घालणाऱ्यांना देठ खुडायला बसवू नका, लसूण सोलायला द्या.

धावदोरा
वाकळीचं मी लिहिते. दोन दिवसांत पूर्ण वाकळ होत नाही, हिशेब करून बघा.

साडेपाच बाय साडेसात फुटांची वाकळ म्हणजे ६६ बाय ९० इंच. दोन ओळींत पाऊण इंच अंतर धरलं तर एकूण टाका २०० मीटर होतो. हात बसलेली बाई तासाला चार-पाच मीटर घालते, म्हणजे चाळीस-पन्नास तास. नवशिकीला याच्या दुप्पट धरा. शिबिरात बाळाची वाकळ घ्या, २४ बाय ३० इंच. तिला २४ मीटर टाका, दोरा ३२ मीटरच्या आसपास (जाडीतून वर-खाली जातो म्हणून जास्त लागतो). नवखीला ती दोन दिवसांत उरकते, आणि मोठीत लागतं ते सगळं तंत्र तिच्यात येतं.

कापड सुतीच. जुनी नऊवारी, धोतर, पंचे. सिंथेटिक साडीचा एक थर जरी मधे गेला तरी तो सरकतो, टाके ओढले की वरचं कापड सुरकुततं. नवं कापड वर लावणार असाल तर आधी धुऊन घ्या, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आकसतं आणि आतले जुने थर फुगून राहतात. चादरीचं जाड कापड आत घालू नका, सुई जात नाही आणि बोटं सोलतात.

मोठीसाठी एका नऊवारीत दोन थर बसतात. साडी साधारण ३२४ इंच लांब, ४५ इंच रुंद. ९० इंचाचे तीन तुकडे काढा, एक उभा अर्धा फाडा. पूर्ण तुकड्याला अर्धा तुकडा जोडला की शिवण जाऊन ६६ इंच रुंदी मिळते. उरलेला ५४ इंचाचा तुकडा फाटलेल्या जागी ठिगळाला. सहावारीत एकच थर बसतो, वर अर्धा तुकडा उरतो. आत चार थर, वर एक, खाली एक. यापेक्षा जास्त घातलेत तर धुताना दोन माणसं लागतात.

थर लावताना एकाच जागी सगळी फाटकी बाजू येऊ देऊ नका, आणि जोडशिवणीही एकावर एक नकोत. एकावर एक आल्या की तिथं वळ उठतो आणि सुई अडकते.

पायरीवरचा
थर पसरल्यावर सरळ कडेपासून धावदोरा सुरू करायचा ना? यू-ट्यूबवर तसंच दाखवतात.

धावदोरा
नाही हो दादा. आधी कच्चे टाके. फरशीवर कापड पसरा, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवा, मधोमध तळहात ठेवून सुरकुती कडेकडे सारत न्या. मग मधल्यापासून बाहेर, वीतभर अंतरावर, लांब-लांब कच्चे टाके, उभे आणि आडवे. त्यानंतर पक्का धावदोरा कडेपासून आत, चौकोनात फिरत फिरत. कच्चे टाके न घालता कडेपासून आत आलात तर सगळी सुरकुती मधे गोळा होते आणि शेवटी उशीएवढा फुगा उरतो. तो फुगा उसवल्याशिवाय जात नाही.

सुई अडीच इंची, जाड. दाभण नको, भोक मोठं पडतं आणि जुनं कापड त्या भोकातून फाटायला लागतं. दोरा तीन पदरी सुती, एका वेळी दीड हातापेक्षा लांब घेऊ नका, गाठी पडतात. मेणाच्या वडीवरून ओढून घेतला तर गुंतत नाही. मधल्या बोटाला अंगुस्तान. गाठ थरांच्या आत दडवायची, वर ठेवली की दोन धुण्यांत सुटते. चार-पाच टाके सुईवर घेऊन एकदम ओढायचं, पण ताणायचं नाही. दोरा ताणला की ओळ आकसते आणि वाकळ नाव होते, म्हणजे कडा वर आणि मधे खड्डा.

एका गटात बारा बायका, चार-चार जणींचा एक गोल, दर गोलाला जाणती एक. फरशीवर बसायला सतरंजी घाला आणि खिडकीचा उजेड डाव्या अंगानं येईल असं बसवा. पांढरा दोरा पांढऱ्या कापडावर घालायला देऊ नका, ओळ दिसत नाही.

उसाचा_फड
शिलाई मशीनवर का नको? दोन तासांत होईल की. बचत गटाकडे मशिनी असतात.

धावदोरा
होईल, पण सहा थर घरगुती मशीनच्या पायाखालून सरकत नाहीत. वरचा थर पुढं जातो, खालचा मागं राहतो. सुई तुटते ती वेगळीच. तीन थरांचं दुपटं मशीनवर करा. हाताच्या धावदोऱ्यात दोरा तुटला तर दोन टाके घातले की झालं. शहरातली माणसं हाताची वाकळ शिकायला येणार असतील तर त्यांना मशीनसमोर कशाला बसवायचं?

वेळेचं म्हणाल तर भांगलण संपल्यापासून सुगी सुरू होईपर्यंत, म्हणजे सप्टेंबर. सुई-दोऱ्याच्या कामाला ऊन लागत नाही. कापड मात्र मे महिन्यातच कडक धुऊन वाळवून बांधून ठेवा. पावसात वाळवलेल्या कापडाचा कुबट वास वाकळीत बसला की जात नाही.

आजऱ्याचा_वारा
बुरूडकामासाठी डिसेंबर-जानेवारी. पावसाळा संपून बांबूतला रस कमी झाल्यावर तोडलेला घ्यायचा. ओला-कोवळा पावसाळी बांबू पिठूळ असतो, त्यातल्या पिठावर भुंगा येतो आणि दोन महिन्यांत टोपलीखाली पिवळी भुकटी पडायला लागते. वय दोन ते तीन वर्षं. यंदाचा कोंब वापरला तर वीण घट्ट घातली तरी वाळल्यावर कामट्या (बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या) आकसतात आणि टोपली खिळखिळी होते. चार वर्षांपुढचा चिरताना फुटतो.

आजरा, चंदगड, भुदरगड, राधानगरी या पट्ट्यात बांबू मुबलक. २०१७ च्या कायदादुरुस्तीनं वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढलाय, त्यामुळे मालकीच्या रानातला बांबू तोडायला वनखात्याचा तोडपरवाना लागत नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण गावात या मुद्द्यावरच बैठक अडते.

शिकवायला छोटी करंडी घ्या: बूड सहा इंच, तोंड आठ इंच, उंची पाच इंच.

उभ्या कामट्या १६, प्रत्येकी २४ इंच लांब, एक सेंटिमीटर रुंद, सव्वा-दीड मिलिमीटर जाड. आठ आडव्या, आठ उभ्या, मधे एकेक सेंटिमीटर जागा सोडून बूड विणायचं. विणायची कामटी अर्धा सेंटिमीटर रुंद, एक मिलिमीटर जाड. पाच इंच उंचीला २५ फेरे, म्हणजे १६ मीटर. अडीच मीटरच्या सात कामट्या माणशी धरा, एखादी तुटणारच.

सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो: १६ कामट्यांची दोन्ही टोकं वर वळली की ३२ उभ्या होतात, म्हणजे सम आकडा. एकाच कामटीनं वर-खाली विणत गेलात तर दुसऱ्या फेऱ्याला कामटी परत त्याच उभीच्या वर येते, वीण बसतच नाही. एक तर एका कामटीचं एक टोक उभं चिरून ३३ करा, किंवा दोन कामट्या घेऊन दुहेरी विणा. नवशिक्यांना ३३ सोपं.

बुडावरून उभं वळवताना कामटी ओली पाहिजे आणि सालाची बाजू बाहेर. ताजी कामटी अर्धा तास पाण्यात पुरते, वाळलेली रात्रभर. दोन-तीन दिवस भिजत ठेवू नका, काळी पडते आणि वास मारते.

कासारी_काठ
बांबू चिरायलाही शिकवायचा का? तेच तर खरं काम.

आजऱ्याचा_वारा
पहिल्या दिवशी नको. कोयत्यानं उभा बांबू चिरताना पातं जाड बाजूकडे पळतं. ते पळायला लागलं की जाड बाजू वाकवून परत मधे आणायचं असतं आणि हे हाताला कळायला वेळ लागतो. बारा माणसांच्या हातात बारा कोयते म्हणजे दवाखान्याची तयारी. चिरून दाखवा, कामट्या तयार द्या. सालाची कड ब्लेडसारखी कापते, म्हणून दोन्ही अंगठे आणि तर्जनीच्या पेरांना आधीच चिकटपट्टी गुंडाळायला लावा. हातमोजे घातले तर वीण हाताला लागत नाही.

भुंग्यासाठी बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं पाणी वापरतात, १०० लिटरला ३ किलो आणि २ किलो. शोभेच्या वस्तूला ठीक. सूप, दुरडी, भाकरीची टोपली यांना ते लावू नका. त्यांना चुलीवरचा धूर पुरतो.

रापी
चप्पल दोन दिवसांत होणार नाही, दोन आठवड्यांतही नाही. उगाच पोस्टरवर लिहू नका.

बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावलेलं कातडं लागतं. तळाला म्हशीचं जाड, वरच्या भागाला पातळ. ते पाण्यात भिजवून मऊ करायचं, कापायचं, ठोकून दाबायचं, तळाचे थर कातड्याच्याच वादीनं (बारीक पट्टीनं) शिवायचे, पट्टे आणि अंगठा (पायाच्या अंगठ्यात अडकणारा पट्टा) तळात ओवायचा. यातल्या प्रत्येक टप्प्यानंतर वाळवण आहे. ओल्यावर शिवलं तर वाळल्यावर भोकं मोठी होतात आणि वादी सैल. वाळवून खडखडीत झाल्यावर शिवायला गेलात तर आरी आत जात नाही. किंचित ओलसर असताना शिवायचं असतं आणि ती वेळ घड्याळावर ठरत नाही.

अडीच तासांचं प्रात्यक्षिक ठेवा. कारागीर कातडं कापून तळ शिवून दाखवेल, आणि येणाऱ्यांना वेणी घालायला द्या. उरलेल्या पातळ कातड्याच्या तीन-तीन मिलिमीटरच्या पट्ट्या, तयार वेणी जेवढी हवी त्याच्या दीडपट लांब. पट्टीची रुंदी जिथं कमी-जास्त, तिथं वेणी वाकडी होते, म्हणून पट्ट्या कापूनच द्या. वेणी घालून की-चेन किंवा राखी करून घरी नेतील.

पायरीवरचा
भावा, तयार चपला शिबिरात विकल्या तर? प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, त्या प्रकारानंतर लोक विचारतातच.

रापी
विका, पण कारागिराच्या नावानं आणि त्यानं सांगितलेल्या किमतीला. भौगोलिक मानांकन २०१९ मध्ये मिळालं, ते दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना: इकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, तिकडं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकनाचं चिन्ह लावायचं तर कारागीर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेला पाहिजे. शिबिरात शिकाऊ हातांनी केलेल्या वस्तूवर ते चिन्ह छापू नका, पत्रकावरसुद्धा नको.

हिशेबवही
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. साहित्याचा खर्च २० माणसांवर भागू नका, १२ वर भागा. फॉर्म भरणारी सगळी माणसं येत नाहीत. कारागिराचं मानधन शिबिराच्या दिवसांचं नाही, तयारीच्या दिवसांचंही धरा: बुरुडाला १२ जणांच्या कामट्या काढायला पूर्ण दिवस जातो, तेवढ्या वेळात त्याच्या विकायच्या टोपल्या बुडतात. "गावाचं काम आहे" म्हणून शाल-श्रीफळावर भागवायची पद्धत मला पटत नाही.

आणि चटणी शिकायला आलेल्यांना वाटून देणं वेगळं, पाकिटं करून बाहेर विकणं वेगळं. विकायची असेल तर बचत गटाच्या नावानं अन्नसुरक्षेची नोंदणी आधी करून घ्या, पाकिटावर तयार केल्याची तारीख आणि घटक लिहा.

मिसळ_कट
मग दिवाळीच्या सुट्टीत काहीच नाही? पोरं-बाळं तेव्हाच मोकळी असतात की.

गुळाची_ढेप
अनारसे घ्या. पण त्याचीही तयारी आठ दिवस आधी.

१ किलो जाडा जुना तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला. नवा तांदूळ घेतला तर पीठ चिकट होतं. चौथ्या दिवशी निथळून सावलीत कापडावर पसरा, हाताला दमट लागेल पण चिकटणार नाही इतपत सुकवा. कुटा, बारीक चाळणीनं चाळा. पाऊण ते एक किलो किसलेला गूळ आणि दोन चमचे तूप घालून मळा, गोळे करून डब्यात तीन-चार दिवस ठेवा. आपला कोल्हापुरी गूळ चालतो, चिक्कीचा मात्र नको, पीठ ताणतं. दोन वाट्या कोरडं पीठ बाजूला राखून ठेवायला विसरू नका.

शिबिराच्या दिवशी नुसतं थापणं आणि तळणं. खसखशीवर थापायचा, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्यानं वरून तूप उडवायचं. चाळणीत उभे लावून निथळा. अनारसा तुपात हसला, म्हणजे विरघळून पसरला, तर गूळ जास्त झालाय किंवा पीठ ओलं राहिलंय. राखून ठेवलेलं पीठ तेव्हा कामाला येतं: मूठ-मूठ मिसळा आणि प्रत्येक वेळी एकच तळून बघा. जाळी पडली नाही आणि कडक झाला तर उलट, पीठ कोरडं आहे. चार थेंब दूध किंवा थोडं पिकलेलं केळं मळा.

एका कढईवर सहा जण. कढईला सांडशी धरायला एक मोठं माणूस सतत हवं, पोरं तुपाजवळ वाकतात.

उसाचा_फड
शहरातली माणसं पांढरा रस्सा मागणार बघा. शिबिरात जमेल?

गुळाची_ढेप
जमतो, ऋतूचा प्रश्न नाही. फाटतो मात्र हमखास. १ किलो मटण आलं-लसूण-मीठ लावून २ लिटर पाण्यात शिजवा, हळद नको. त्यातलं लिटरभर अळणी (मटण शिजलेलं पाणी) घ्या. खसखस दोन चमचे आणि तीळ एक चमचा दोन तास भिजवून, दहा काजूंबरोबर गंधासारखं वाटा. तुपात दालचिनी, लवंग, वेलची, मिरे, मग हे वाटण, मग अळणी, चांगली उकळी. आच अगदी बारीक केल्यावर एका मोठ्या नारळाचं दूध घालायचं, ढवळत राहायचं आणि वाफ दिसली की उतरवायचं. नारळाच्या दुधाला उकळी आली की ते फाटतं आणि वर तेल तरंगतं. वाटण नीट बारीक असेल तर ते थोडं सांभाळून घेतं. उरलेला रस्सा परत गरम करताना थेट आचेवर नको, गरम पाण्यात पातेलं ठेवून. जेवायला उशीर होणार असेल तर अळणी आणि दूध वेगळंच ठेवा, वाढायच्या दहा मिनिटं आधी मिसळा.

कासारी_काठ
सगळ्यांचे आभार. दिवाळीत अनारसे आणि चपलेचं प्रात्यक्षिक, बाकीचे वर्ग आपापल्या महिन्यात, असं मंडळासमोर ठेवतो. शेवटचं एक: एप्रिलला २ किलो मिरचीची चटणी बारा जणांसाठी धरली तर कढया किती आणि लसूण सोलून घ्यायचा की सालासकट?

बरणीतली_चटणी
२ किलोत पाच किलोच्या आसपास होईल, माणशी ४०० ग्रॅम. कढया तीन: एक खड्या मसाल्याला, एक खोबरं-तीळ-खसखशीला, एक फक्त मिरचीला. मिरचीची कढई खोबऱ्याला वापरू नका, तळाला राहिलेली भुकटी जळते आणि खोबऱ्याला धुरकट वास लागतो. लसणाची वरची जाड सालं काढा, पाकळीवरचं पातळ साल राहू द्या. त्यानं ओल कमी होते आणि कुटताना लसूण लगदा होत नाही. मात्र पाकळ्या सुट्ट्या करून एक दिवस सावलीत पसरून ठेवा. मोड आलेली दिसली तर हिरवा कोंब काढून टाका.